म्हातारीच्या गुडघ्यावरची राखण

दोसिंदाने नवऱ्यावर पहिला संशय घेतला तो लग्नाच्या दिवशीच, चर्चच्या पायरीवर. फेर्मिनने तिचा हात हातात घेऊन सांगितलं, की आता बोटीवर जातोय, पण नाताळला नक्की परत येईन. "कोणत्या नाताळला?" दोसिंदाने विचारलं. जमलेले पाहुणे हसले. फेर्मिन आला तो ईस्टर उलटून गेल्यावर. उत्तरेच्या समुद्रात बोटीचं इंजिन बिघडलं होतं म्हणे. तेव्हापासून दोसिंदाची खात्री पटली, की विचारून ठेवलेलं बरं असतं.

आता फेर्मिन निवृत्त होऊन धक्क्यावरच्या बारमध्ये पत्ते कुटत बसे आणि दोसिंदा ओहोटी लागली की रबरी विजार चढवून, दाताळं खांद्यावर टाकून खाडीच्या वाळूत उतरे. लोउरेइरा गावच्या बायका पिढ्यान् पिढ्या हेच करत आल्या. कमरेत वाकायचं, ओल्या वाळूत दाताळं ओढायचं, दातांना तिसरी, म्हणजे खायचा शिंपला, लागली की होणारा बारीक आवाज ओळखायचा, ती उचलून मापाच्या कडीतून घालून बघायची आणि लहान असेल तर तिथेच परत पुरायची.

दोसिंदा पाव घेताना तो उलटा करून बघे. लिलावाला वजन करण्याआधी काटा शून्यावर आहे का, ते वाकून बघे. पाद्र्याने एखाद्या रविवारी लोभाविषयी प्रवचन केलं, तर याचे कान कुणी भरले असतील याचा ती घरी जाईपर्यंत विचार करी. गावाने तिचं नाव 'फौजदारीण' ठेवलं होतं आणि ते तिला ठाऊक होतं. पण सोबत वाळूत उतरणाऱ्या पेरेग्रिनाची कंबर धरली त्या हिवाळ्यात स्वतःचा वाटा भरून झाल्यावर रोज तिची टोपली भरून देणारी हीच होती. देताना प्रत्येक तिसरी मापून देई, आणि "ही बघ, अडकते की नाही कडीत? उद्या म्हणशील दोसिंदाने लहान टाकल्या," असं ऐकवल्याशिवाय टोपली हातात देत नसे. त्यामुळे उपकार घेतल्याचं ओझं पेरेग्रिनाला कधी वाटलं नाही. उलट रागच यायचा.

अशा बाईकडे तिसऱ्या काढणाऱ्या बायकांच्या संघाने राखणीचं काम दिलं यात नवल नव्हतं. खाडीतला एखादा पट्टा बंद ठेवून तिथे तिसऱ्यांचं बी पेरायचं, ते वाढेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, आणि चोर येऊ नयेत म्हणून बायकांनी पाळीपाळीने पहारा द्यायचा, अशी रीत होती. कोण कधी उभं राहणार हे दोसिंदा ठरवी. त्या वर्षी 'म्हातारीचा गुडघा' बंद होता. खडकांच्या टोकाला वाळूचा फुगीर उंचवटा होता, त्याला बायका तसं म्हणत. चार कोपऱ्यांना काठ्या रोवून त्यांना लाल चिंध्या बांधल्या होत्या.

त्याच शरद ऋतूत एलविरा आली. ती आतल्या कोरड्या मुलखातली, विद्यापीठातली मुलगी. पायांत दोन मापं मोठे पिवळे रबरी बूट. संघाच्या अध्यक्षाने तिची बायकांशी ओळख करून दिली.

"माणसं समुद्र, जंगल, पाणी असं सगळ्यांच्या मालकीचं जे असतं ते कसं वापरतात, कसं सांभाळतात, त्यामागे त्यांच्या कोणत्या रीती असतात, त्याचा मी अभ्यास करते," एलविरा म्हणाली.

"म्हणजे आमचाच अभ्यास?" पेरेग्रिनाने विचारलं.

"हो, तुमचाच."

"मग मापून बघ बाई. लहान निघालो तर परत सोडशील ना?"

बायका पोट धरून हसल्या. एलविराही हसली. दोसिंदा हसली नाही. मुलगी हसते छान, पण हसताना डोळे कुठे फिरतात ते ती बघत होती. डोळे लाल चिंध्यांकडे गेले होते.

पुढे तर संशयाला रोज खाद्यच मिळत गेलं. एलविराने खाडीचा नकाशा काढला आणि त्यावर बायकांनी पट्ट्यांना दिलेली नावं घातली, जी सरकारच्या नकाशावरही नव्हती. दाताळ्यांचे फोटो काढले. तिसऱ्या काढायचे परवाने परत केलेल्या म्हाताऱ्या बायांच्या स्वयंपाकघरांत बसून ती तासन् तास कोबी-बटाट्याचं सूप पीत राही. आणि एके दिवशी भरती चढताना ती दोसिंदाशेजारून चालत होती, तेव्हा तिने सरळच विचारलं.

"दोसिंदाबाई, पहाऱ्याच्या पाळ्या कोण ठरवतं?"

"देव."

"आणि देवाला वेळ नसला की?"

"मी."

"कशा ठरवता?"

"ज्याला माहीत असायला हवं त्याला माहीत आहे," दोसिंदा म्हणाली आणि दाताळं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

घरी आल्यावर तिने फेर्मिनला सांगितलं, "ती पोरगी कुणाचीतरी माणूस आहे."

"कुणाची?"

"ते कळलं असतं तर संशय कशाला म्हटलं असतं?"

"अगं, विद्यापीठाची आहे."

"विद्यापीठाला तिसऱ्या आवडत नाहीत वाटतं?"

नोव्हेंबरात संघाचा तज्ज्ञ मोंचो म्हातारीच्या गुडघ्यावर गेला. लोखंडी चौकट वाळूवर ठेवून त्याने आतली वाळू चाळली, आणि चेहरा पाडून परत आला. पेरलेल्या बियापैकी फारच थोडं उरलं होतं. शिवाय एका बाजूला वाळूवर दाताळ्याचे पट्टे होते, लांब आणि सरळ. भरतीने ते पुसट केले होते, पण बायकांना ओळखू येणारच. चोर मोठ्या तिसऱ्या नेतात तसं बीही नेतात, कालवं-तिसऱ्यांची शेतं करणाऱ्यांना ते विकता येतं. पुढच्या वर्षीची सगळ्यांची कमाई त्या वाळूत होती.

"राखण कोणाची होती?" पेरेग्रिनाने विचारलं. प्रश्न सगळ्यांना होता, पण नजर दोसिंदावर होती.

"राखण चोख होती," दोसिंदा म्हणाली. "आतून कुणीतरी वेळा फोडल्या. वेळा विचारत कोण फिरत होतं, ते आठवा."

आठवायला कुणाला वेळ लागला नाही. शनिवारी संघाच्या वरच्या खोलीत सभा ठरली. एलविराने गाव सोडावं, असा ठराव दोसिंदा मांडणार होती. कळल्यावर एलविरा तिच्या घरी आली. दोसिंदाने तिला दारातच उभं ठेवलं.

"मी चोरी केलेली नाही, आणि कुणाला वेळाही सांगितलेल्या नाहीत," एलविरा म्हणाली.

"मग गुडघ्यावर कोण गेलं होतं, ते तुला माहीत नाही?"

एलविराने तोंड उघडलं आणि मिटलं. एवढंच. पण दोसिंदाने आयुष्यभर तोंडं मिटताना बघितली होती.

"मला लोक जे दाखवतात, सांगतात, ते मी दुसऱ्याला सांगत नाही," एलविरा खाली बघत म्हणाली. "तसा शब्द दिलेला असतो."

"छान. शब्द चोरांना दे आणि सूप आमचं पी." दोसिंदाने दार लावून घेतलं.

शुक्रवारी सकाळी खाडीवर धुकं होतं. पिवळे बूट वाळूवरून खडकांच्या दिशेने निघालेले दोसिंदाने धक्क्यावरून बघितले आणि ती त्यांच्या मागे निघाली. पहाऱ्याला उभ्या असलेल्या बाईला तिने विचारलं, "इथून कोण गेलं?"

"ती विद्यापीठवाली. आणि कुणी नाही."

"नक्की?"

"एरुन्दिनामावशी गेली मघाशी, शेवाळ आणायला. ती काय रोजच जाते."

एरुन्दिना ही दोसिंदाची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा दोसिंदाच्या हातात दाताळं तिनेच दिलं होतं, मुठीची पकड कशी ठेवायची ते बोटं धरून दाखवलं होतं. पूर्वी जो तो येई आणि खाडी उपसून नेई. तेव्हा दारोदार फिरून बायकांचा संघ उभा करणारी एरुन्दिनाच होती. बोटीतून आलेल्या पुरुषांच्या अंगावर ती दाताळं उगारून धावली होती, ती गोष्ट गावात अजून सांगत. वय झाल्यावर नियमाप्रमाणे तिने परवाना परत केला. आता ती वादळाने किनाऱ्यावर टाकलेलं शेवाळ ओढून आणी आणि बटाट्याच्या वाफ्यात घाली. गावातल्या सगळ्याच म्हाताऱ्या ते करत. ढकलगाडी, टोपली आणि दाताळं घेऊन ती पहाऱ्यासमोरून जायची, तेव्हा दोसिंदा स्वतः तिला हात करायची.

खडकाला वळसा घातल्यावर दोसिंदाला आधी पिवळे बूट दिसले. एलविरा लाल चिंधीच्या अलीकडे उभी होती. चिंधीच्या पलीकडे कुणीतरी वाकून दाताळं ओढत होतं.

"सापडलीस!" दोसिंदा ओरडली. "चोर कुठली!"

वाकलेली आकृती सरळ झाली. "ओरडू नकोस," एरुन्दिना म्हणाली. "तिसऱ्या खोल जातात आवाजाने."

दोसिंदा चिंधीपाशी थबकली. बहिणीच्या टोपलीत ओलं शेवाळ होतं, दुसरं काही नव्हतं. तिने हात घालून तळापर्यंत बघितलं, कारण बहीण झाली म्हणून काय झालं.

"काय करतेयस तू इथे?"

"कुणीतरी करायला नको? तुम्ही चिंध्या बांधल्या आणि घरी गेलात. न ढवळलेली वाळू काळी पडते, आतून कुजते. आई काय सांगायची? वाळूला वारा दाखवा. मी वरचं शेवाळ काढते आणि दाताळं फिरवते. एक तिसरी उचललेली नाही."

"आणि हिला कशाला आणलंस?"

"ती विचारत होती आपण वाळू कशी सांभाळतो. तोंडाने सांगून कळतं होय? म्हटलं, ये, बघ." एरुन्दिनाने एलविराकडे मान वळवली. "ही गप्प राहते. तुझ्यासारखी नाही."

दोसिंदा एका खडकावर बसली. एरुन्दिनाने उरलेला पट्टा पूर्ण केला, कारण अर्धं काम टाकणं तिला जमत नसे, आणि मग ती येऊन शेजारी बसली. तेवढ्यात धुकं विरायला लागलं आणि कुरव पक्षी आले. आधी दोनचार, मग थवा. वाळू एवढी पसरलेली होती, पण सगळे उतरले ते नुकत्याच दाताळं फिरवलेल्या पट्ट्यावर.

"किडे टिपतायत," एरुन्दिना म्हणाली.

दोसिंदा उठली. पक्ष्यांना हाकलून पट्ट्यावर गेली आणि ओंजळीत काहीतरी घेऊन आली. मसुराएवढ्या तिसऱ्या होत्या, पांढुरक्या, उघड्यावर पडलेल्या. मोठी तिसरी वाळूत पटकन शिरते. या एवढ्याशा जिवाला ते इतक्या झपाट्याने जमत नाही.

"आईच्या वेळी बी पेरत नव्हते, एरुन्दिना," ती हळू आवाजात म्हणाली. "तेव्हा वाळूत असायच्या त्या वाढलेल्या. त्यांना ढवळलेलं चालायचं."

एरुन्दिनाने ओंजळीत बघितलं. मग पट्ट्याकडे बघितलं. कुरव पुन्हा उतरले होते आणि माना खालीवर करत होते. ती तिथवर गेली, गुडघ्यांवर बसली आणि दिसेल ते एकेक बी बोटाने वाळूत दाबायला लागली. एलविराही वाकायला लागली तेव्हा दोसिंदा तिला म्हणाली, "तू बूट काढ आधी. त्या बुटांखाली निम्मं चिरडशील." मग तिघी भरतीचं पाणी पायाला लागेपर्यंत तेच करत राहिल्या.

परत जाताना ढकलगाडी दोसिंदाने धरली.

"उद्या सभेत मी सांगते," एरुन्दिना म्हणाली.

"निवृत्त बायकांना सभेत बोलता येत नाही. तो नियम तूच घालायला लावलास."

"मग तू सांग."

दोसिंदाने गाडी पुढे ढकलली. घरी तिने पावाचा तुकडा मोडला तो तसाच राहिला. कोण काय म्हणेल ते तिला स्पष्ट ऐकू येत होतं. एरुन्दिनाला चोर म्हटलं असतं, तर ती सभेच्या दारात येऊन भांडली असती आणि तिला बरंच वाटलं असतं. पण चोर कुणी म्हणणार नव्हतं. म्हणणार होते, बिचारी मावशी, वय झालं, आता कळत नाही तिला. बायका रस्त्यात तिच्याशी मोठ्या आवाजात आणि सावकाश बोलायला लागणार होत्या. ते एरुन्दिनाला सोसलं नसतं. आणि गप्प बसावं तर त्या पोरीला उद्या गावाबाहेर काढणार होते, तेही दोसिंदाच्याच तोंडून.

शनिवारी वरची खोली भरली. एलविरा शेवटच्या बाकावर होती, मांडीवर कोट घेऊन, जणू निघायच्या तयारीत. अध्यक्षाने दोसिंदाला ठराव मांडायला सांगितलं.

"मी ठराव मांडत नाही," दोसिंदा म्हणाली. "मुलीचा काही दोष नाही. चोरी झालीच नाही."

बायका एकमेकींकडे वळल्या.

"मग बी कुठे गेलं?" पेरेग्रिनाने विचारलं.

"कुरवांनी खाल्लं."

"अस्सं! आणि कुरव दाताळं घेऊन आले होते का गं?"

हशा पिकला. मोंचो उभा राहून म्हणाला, की वाळू उकरली गेली तर पक्षी बी खातात हे खरं आहे. पेरेग्रिनाने त्याला खाली बसवलं. "तू बस रे बाळा. उकरली कोणी, ते विचारतेय मी हिला."

"मला ठाऊक आहे," दोसिंदा म्हणाली. "सांगणार नाही. पुन्हा होणार नाही, याची हमी माझी."

"हमी? कालपर्यंत म्हणत होतीस पोरगी चोर आहे. आज म्हणतेस चोर नाही. मधल्या दिवसात काय मिळालं तुला?"

"काही नाही."

"काही नाही कसं? इतकी वर्षं तू आमच्या टोपल्या हुंगल्यास. माझी कंबर मोडली होती तेव्हासुद्धा कडी घेऊन बसलीस. आज आम्ही विचारतोय तर सांगणार नाही?"

एलविरा उठून उभी राहिली. "मी जाते. माझ्यामुळे हे..."

"बस गं तू खाली!" दोसिंदा तिच्यावर खेकसली. "तुझ्यामुळे काहीही होत नाहीये."

आपल्या जागी दुसरी कोणी असती, तर आपण काय केलं असतं, हे दोसिंदाला चांगलं ठाऊक होतं. पेरेग्रिनापेक्षा वाईट प्रश्न विचारले असते. म्हणून ती उत्तर न देता उभी राहिली. राखणीचं काम तिच्याकडून काढून पेरेग्रिनाकडे द्यावं, यावर हात वर झाले. तिने मोजले नाहीत, पण कोणाचे वर गेले ते एकेक करून बघून घेतलं. एलविराविषयी कुणी काही बोललंच नाही, आणि ती राहिली.

जिना उतरल्यावर एलविरा तिच्या मागून आली. "तुम्ही नाव सांगितलं असतं, तरी मी..."

"तू लिहिशील ना हे? एरुन्दिनाचं वाळूचं?"

"लिहीन. पण नावं घालत नाही मी. गावाचंही नाही."

"मग काय लिहिशील?"

"एक निवृत्त बाई, असं."

दोसिंदा थांबली. "एक बाई? अगं, तिने हा संघ उभा केला. तिच्याशिवाय त्या खाडीत आज एक शिंपला दिसला नसता."

"नाव घातलं तर सगळ्यांना कळेल."

"तेही खरंच," दोसिंदा म्हणाली. थोडं चालून झाल्यावर म्हणाली, "आणि मी? मला काय लिहिणार?"

"दुसरी बाई."

"हं. लिहून झालं की मला वाचून दाखव. सगळं. मधलं गाळायचं नाही."

एरुन्दिना आपल्या घराच्या दारात वाट बघत होती. "काय म्हणाल्या?" तिने विचारलं.

"म्हणाल्या, कुरवांनी खाल्लं."

"आणि माझं?"

"तुझा विषयच निघाला नाही."

एरुन्दिनाने बहिणीच्या चेहऱ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. संशय घेणं त्या घराण्यात एकट्या दोसिंदाला येत होतं असं नाही. मग तिने कॉफीवर घरच्या दारूचा थेंब टाकून कप पुढे सरकवला, आणि शेवाळ आणायला आता दुसऱ्या बाजूच्या किनाऱ्यावर जाईन म्हणाली, तिथलं बटाट्याला जास्त मानवतं.

पुढच्या आठवड्यात बायका वाळूत ओळीने वाकल्या, तेव्हा दोसिंदाच्या दोन्ही बाजूंना जागा मोकळी राहिली. तिची टोपली लिलावात काट्यावर चढली, की कुणीतरी वाकून शून्य तपासू लागलं. पेरेग्रिनाने तिला पहाऱ्याची पाळी दिली ती गुडघ्याच्या टोकाची, जिथे वारा सगळ्यात बोचतो.

दोसिंदा वेळेआधी जाऊन उभी राहिली. खांद्यावर शाल, हातात कुरवांना हाकलायला काठी. थोड्या वेळाने तिला धक्क्याच्या भिंतीवर कुणीतरी दिसलं. लाल टोपी, कंबरेवर एक हात. पेरेग्रिना. ती खाडीकडे बघत नव्हती, बोटींकडे बघत नव्हती. पहाऱ्यावर उभ्या असलेल्या दोसिंदावर तिची नजर होती.

दोसिंदाने मान डोलावली. बरोबर करतेय, तिला वाटलं, मीही हेच केलं असतं. मग तिच्या लक्षात आलं, की भिंतीवरून आपण अर्ध्याच दिसत असू, आणि ती खडकाच्या आडून दोन पावलं पुढे येऊन उभी राहिली.